संभाषणानंतरचा तास: भाषा अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या भाषा अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य

विषय: विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन आंतरसांस्कृतिक भाषाविनिमयात झालेल्या संभाषणाचा वर्गात आढावा घेण्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तास ठेवण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

परकी भाषा शिकणारा एक विद्यार्थी आणि ती भाषा घरात बोलत मोठा झालेला दुसऱ्या देशातला विद्यार्थी यांची जोडी लावायची, ठरलेल्या वेळी दोघांना पडद्यावर समोरासमोर आणायचे, निम्मा वेळ एकाच्या भाषेत आणि निम्मा वेळ दुसऱ्याच्या भाषेत बोलायला सांगायचे, हा उपक्रम आता भाषा विभागांना नवा राहिलेला नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे विद्यार्थ्यांचे परदेशी जाणे थांबले, तेव्हा तोवर या वाटेला न गेलेल्या अनेक विभागांनीही तो सुरू केला. आता आपण त्याला अभ्यासक्रमात कायमची जागा देत आहात, त्याचे श्रेयांक ठरवत आहात आणि मूल्यमापनाचे नियम लिहीत आहात. अशा विनिमयांची समन्वयक म्हणून काम करणारी एक भाषाशिक्षिका या नात्याने मी आपल्यापुढे एकच मागणी ठेवते. जेवढा वेळ संभाषणाला द्याल, तेवढाच वेळ त्या संभाषणाकडे मागे वळून पाहण्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवा, आणि तो वर्गात, शिक्षकाच्या उपस्थितीत, सगळ्यांनी मिळून वापरायचा आहे असे नियमातच लिहा.

हे लिहिण्याचे कारण असे की, माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक आराखडे संभाषणाची मिनिटे मोजतात, हजेरी घेतात, सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा ठेवतात आणि ‘चिंतन’ या मथळ्याखाली एक पान विद्यार्थ्याने घरून लिहून आणावे अशी अपेक्षा करतात. ते पान सत्र संपताना जमा होते, त्याला थोडेसे गुण असतात आणि त्यावर कोणी कोणाशी बोलत नाही. संभाषण म्हणजे खरे काम आणि मागाहून विचार करणे म्हणजे त्याला जोडलेली औपचारिकता, असा या रचनेचा अर्थ होतो. विद्यार्थी तो बरोबर ओळखतात आणि त्याप्रमाणेच वागतात.

या उपक्रमाचा इतिहास पाहिला तरी संभाषण एकटे कधीच पुरेसे मानले गेलेले नव्हते हे दिसते. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२० च्या दशकात दोन शाळांतल्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू केला, तेव्हा आलेली पत्रे आणि मजकूर वर्गात एकत्र वाचणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता. १९६३ च्या एलिझे करारानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील तरुणांच्या भेटींना संस्थात्मक आधार मिळाला आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा भेटींमधून जोडीने भाषा शिकण्याची टँडेम पद्धत आकाराला आली. जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या हेल्मुट ब्रामर्ट्स यांनी १९९० च्या दशकात ती ईमेलवर आणली. आयर्लंडमधील डेव्हिड लिटल यांच्यासह त्यांनी या पद्धतीची दोन तत्त्वे मांडली: दोघांचाही सारखाच लाभ व्हावा आणि आपल्या शिकण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. यांतले दुसरे तत्त्व आपले आराखडे हमखास विसरतात. आपण काय शिकलो, कुठे अडलो, पुढच्या वेळी काय वेगळे करायचे हे विद्यार्थ्याला ठरवता आले तरच त्याने जबाबदारी घेतली असे म्हणता येईल, आणि त्यासाठी होऊन गेलेल्या संभाषणाकडे शांतपणे पाहण्याची संधी त्याला मिळायला हवी.

ही संधी मिळते तेव्हा नेमके काय घडते ते एका उदाहरणाने सांगते. शिक्षणासाठी घर सोडून राहण्याच्या अनुभवाविषयी दोन विद्यार्थिनी बोलत होत्या. भाषा आमच्या विद्यार्थिनीची होती, म्हणजे समोरची मुलगी तिच्यासाठी परक्या भाषेत बोलत होती. संभाषणानंतर आमच्या विद्यार्थिनीने नोंदवहीत लिहिले की जोडीदाराला बोलण्यात रस नव्हता, प्रश्न विचारून विचारून आपणच दमलो, आणि त्या देशातली माणसे मोकळी नसतात असे जे ऐकले होते ते खरेच असावे. घरून लिहून आणायच्या पानावर हेच उतरले असते, आणि भाषा शुद्ध असल्यामुळे त्याला चांगले गुणही मिळाले असते.

पुढच्या तासाला आम्ही, दोघींच्या संमतीने, त्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगमधला छोटासा तुकडा वर्गात पाहिला. पहिला प्रश्न विचारला गेला. समोरची मुलगी वर बघून विचार करू लागली. तिने तोंड उघडले आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा प्रश्न आला. तिने तोंड मिटले, मान हलवली, पुन्हा विचार करू लागली, तोवर तिसरा प्रश्न आला, आणि तो असा होता की नुसते हो किंवा नाही म्हटले तरी भागावे. तिने हो म्हटले. मी चित्र थांबवले आणि वर्गाला एवढेच विचारले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुठे गेले. तुकडा पुन्हा लावला तेव्हा ते उत्तर कुठे अडले होते हे त्या विद्यार्थिनीच्या स्वतःच्याच लक्षात आले. भागीदार संस्थेतल्या शिक्षिकेने, तिच्या विद्यार्थिनीची परवानगी घेऊन, तिकडची नोंद नंतर मला कळवली. तीत लिहिले होते: जोडीदाराला माझी उत्तरे ऐकायची नव्हती, तिला फक्त प्रश्न विचारायचे होते.

दोघींनीही एकमेकींविषयी सारखाच निष्कर्ष काढला होता आणि दोघींचाही चुकला होता. असे का होते याविषयी आज बरेच काही ठाऊक आहे. नायमेखेन येथील माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेतील तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून प्रतिसाद सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद असते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, असे त्यांना आढळले. भाषाभाषांत फरक होता, परंतु तो या सरासरीपासून पाव सेकंदाच्या आसपासच राहिला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, बोलणाऱ्याचा कान फार बारीक अंतराला सरावलेला असतो आणि उत्तर थोडेसे लांबले तरी त्याला ते जाणवते. आता या सरावलेल्या कानापुढे ऑनलाइन विनिमय ठेवून पाहा. समोरचा विद्यार्थी परक्या भाषेत वाक्य जुळवत असल्यामुळे त्याला जास्त वेळ लागतो. त्यात आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचण्याचा विलंब मिळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आहे, पण खराब जोडणीवर तो त्याहून बराच वाढतो, आणि प्रश्न जायला व उत्तर यायला असा तो दोनदा भरावा लागतो.

विलंब झाला की त्याचे खापर माणूस यंत्रावर फोडत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दूरध्वनीवरच्या संभाषणात सुमारे १.२ सेकंदांचा विलंब मुद्दाम घातला, तेव्हा बोलणाऱ्यांना समोरची व्यक्ती कमी लक्ष देणारी आणि कमी मनमिळाऊ वाटली. दोष तारेत होता आणि तो माणसाच्या स्वभावात मोजला गेला. आंतरसांस्कृतिक विनिमयात याच्या पुढची पायरी गाठली जाते, कारण तिथे समोरचा विद्यार्थी एका देशाचा प्रतिनिधी म्हणून पाहिला जातो. यंत्राचा विलंब आधी स्वभाव ठरतो आणि मग तो स्वभाव एका समाजाच्या नावे लिहिला जातो. वर्गात त्या तुकड्यावर बोलताना आम्ही या शांततेचे पदर वेगळे करून पाहिले. जोडणीमुळे किती, परक्या भाषेत विचार करावा लागल्यामुळे किती, आणि तिच्या बोलण्याच्या सवयीचा भाग किती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला नीट देता आले नाही, आणि ते तसेच उघडे ठेवणे मला योग्य वाटले. पुढच्या संभाषणात त्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारून झाला की ओठ मिटून मनातल्या मनात आकडे मोजले. समोरची मुलगी बोलू लागली. ती फार बोलकी निघाली असे नाही, पण वसतिगृहाच्या खोलीत पहिल्या रात्री झोप का लागली नाही हे तिने मोठ्या आस्थेने सांगितले.

दोन समाजांतली माणसे भेटली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, असा भाबडा विश्वास आपल्या आराखड्यांच्या मुळाशी दिसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगून ठेवले आहे की निव्वळ संपर्काने पूर्वग्रह कमी होतीलच असे नाही. त्या भेटीत दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य लागावे आणि संबंधित संस्थांचा त्या भेटीला उघड पाठिंबा असावा, अशा अटी त्यांनी घातल्या होत्या. त्यांतली शेवटची अट थेट आपल्याला उद्देशून आहे असे मी मानते. वेळापत्रकातला तास हाच संस्थेचा खरा पाठिंबा असतो. परिपत्रकात विनिमयाचे कितीही कौतुक केले, तरी ज्या कामाला तास नाही ते काम संस्थेला महत्त्वाचे वाटत नाही हे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही जाणतात.

विनिमय फसतात, आणि कोठे कोठे फसतात याचाही अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट ओडाउड आणि मार्कुस रिटर यांनी २००६ मध्ये अशा फसलेल्या संवादांची कारणे चार पातळ्यांवर लावून दाखवली: विद्यार्थी स्वतः, त्याचा वर्ग आणि तिथली कामाची पद्धत, दोन्हीकडच्या संस्था व समाज, आणि प्रत्यक्ष संभाषणाची घडण. विद्यार्थ्याला यांपैकी पहिली पातळीच दिसते, तीही समोरच्याच्या बाबतीत. जोडीदाराने दोन आठवडे उत्तर दिले नाही म्हणजे तो आळशी आहे असे तो मानतो. तिकडे परीक्षा सुरू आहेत, तिकडे या उपक्रमाला गुणच नाहीत, किंवा तिकडचे सत्र मुळात आपल्यानंतर महिनाभराने सुरू झाले, या गोष्टी त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. जपानमधले शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, जर्मनीतल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्र साधारण ऑक्टोबरमध्ये आणि ब्राझीलमधले वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. घड्याळांचेही तसेच आहे. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागू होते आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे ठरलेली वेळ एका बाजूला तासाभराने सरकते आणि कोणीतरी रिकाम्या पडद्यासमोर बसून राहते. त्या रिकाम्या पडद्याचा राग जोडीदारावर निघतो. ही माहिती पाच मिनिटांत देता येते, पण ती देण्यासाठी सगळे एकत्र बसलेले असावे लागतात.

मागे वळून पाहण्याला केंद्रस्थानी ठेवून विनिमयाची रचना करता येते, याचा दाखला म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९७ मध्ये जिल्बर्त फुर्स्तेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘कुल्तुरा’ या उपक्रमाकडे पाहावे. तिथे अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना गप्पा मारायला सांगून सुरुवात होत नाही. दोन्ही गट एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत भरतात. दुकानात एक आई आपल्या मुलाला थप्पड मारताना दिसली तर तुमची प्रतिक्रिया काय होईल, अशा स्वरूपाचे प्रसंग तीत असतात आणि अर्धवट वाक्ये पूर्ण करायची असतात. मग दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी मांडली जातात, विद्यार्थी ती न्याहाळतात, फरक टिपतात, वर्गात त्यांवर बोलतात, आणि त्यातून उठलेले प्रश्न घेऊन पलीकडच्यांकडे जातात. हे लेखी बोलणे प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत करायचे असा तिथला नियम आहे, म्हणजे भाषा तोकडी पडली म्हणून विचारही तोकडा मांडला असे होत नाही, आणि पलीकडच्याला अस्सल भाषा वाचायला मिळते. भाषाविनिमयात बोलण्याचा सराव हवा असणाऱ्यांना हा नियम जसाच्या तसा घेता येणार नाही, हे मान्य. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पाहणे आणि विचार करणे हे तिथे संभाषणाच्या आधीही आहे आणि नंतरही.

आता निव्वळ भाषेच्या बाजूने पाहू, कारण संस्कृतीविषयीचे हे सगळे ठीक आहे पण विद्यार्थ्याची भाषा सुधारते का, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल आणि तो रास्तच आहे. संभाषणात माणसाचे लक्ष अर्थाकडे असते. समोरच्याचे म्हणणे कळले आणि आपले त्याला कळले की गाडी पुढे जाते. त्या ओघात जोडीदाराने आपले चुकलेले क्रियापद स्वतःच्या वाक्यात बरोबर वापरून दाखवले, तरी ते कानाआड होते. रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये असे मांडले की भाषेचे रूप शिकणाऱ्याच्या जाणिवेत नोंदले गेल्याशिवाय ते आत्मसात होत नाही. यावर पुढे पुष्कळ वाद झाले, परंतु वर्गात काम करणाऱ्या कोणालाही त्यातले तथ्य नाकारता येणार नाही. विद्यार्थी रेकॉर्डिंग ऐकतो आणि त्याला प्रथमच कळते की जोडीदाराने तेच वाक्य तीनदा दुरुस्त करून म्हटले होते. हे कळण्याचा क्षण संभाषणात नव्हताच, तो नंतरचा आहे.

याची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. विनिमयात प्रत्येक विद्यार्थी निम्मा वेळ शिकवणाराही असतो. जोडीदार विचारतो की हे वाक्य असेच का म्हणायचे, तसे का नाही, आणि आपला विद्यार्थी म्हणतो की आम्ही असेच म्हणतो. जन्मभाषेविषयी बहुतेकांचे ज्ञान इथेच थांबलेले असते. मागाहूनच्या तासाला असे अनुत्तरित प्रश्न फळ्यावर लिहून काढले की वर्गाचा नूर पालटतो. आपण कोणाला एकेरी हाक मारतो आणि कोणाला आदरार्थी, कोणत्या वयापासून, कोणत्या ओळखीनंतर, आणि हे आपल्याला कोणी शिकवले, यावर विद्यार्थी तावातावाने वाद घालतात, कारण त्यांचे आपापसांतही एकमत नसते. एका प्रश्नावर वर्गात चार घरांच्या चार रीती निघाल्या की ‘आमच्याकडे असे असते’ हे वाक्य पुढच्या संभाषणात जपून उच्चारले जाते, आणि ‘तुमच्याकडे असे असते का?’ हा प्रश्नही. मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेची जी चौकट मांडली, तिच्या सुरुवातीलाच दुसऱ्यांच्या संस्कृतीविषयीचा अविश्वास आणि आपल्या संस्कृतीविषयीचा विश्वास हे दोन्ही काही काळ बाजूला ठेवण्याची तयारी सांगितली आहे. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे, आणि तो स्वतःच्या वर्गातल्या मतभेदांतून जितका साधतो तितका परक्या जोडीदाराशी बोलून साधत नाही, असे माझे मत झाले आहे.

दोघांचाही सारखाच लाभ व्हावा या परस्परतेच्या तत्त्वाला सर्वांत मोठा धोका बलवान भाषेकडून असतो. दोघांपैकी एकाची भाषा जगभर चालणारी असेल आणि दुसऱ्याला ती आधीपासून बऱ्यापैकी येत असेल, तर निम्म्या-निम्म्या वेळेचा करार तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत ढिला पडतो. कोणी ठरवून मोडत नाही. ज्या भाषेत अडखळणे कमी, तिकडे बोलणे घरंगळत जाते, आणि दोघांनाही ते सौजन्याचेच वाटते. मिनिटे आणि हजेरी मोजणाऱ्या पद्धतीत हे कधीच दिसत नाही, कारण मिनिटे पूर्ण भरलेली असतात. एकेका भेटीत कोणत्या भाषेत किती वेळ गेला हे विद्यार्थ्यांनी स्वतः रेकॉर्डिंगवरून मोजून वर्गात सांगायचे ठेवले की कल लगेच लक्षात येतो आणि जोडीदाराशी त्याविषयी मोकळेपणाने बोलता येते. दुबळी भाषा ज्याची आहे त्याला हे बोलणे जड जाते, म्हणून त्याच्या मागे वर्ग उभा असणे गरजेचे आहे.

आपल्याकडून येणाऱ्या आक्षेपांपैकी काहींचा मला आदर आहे. रेकॉर्डिंग म्हणजे दोन तरुण माणसांचे खासगी बोलणे आहे, ते वर्गात लावण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला, असे विचारले जाईल, आणि विचारलेच पाहिजे. त्यासाठी दोन्ही विद्यार्थ्यांची लेखी संमती प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी घ्यावी, ती कधीही मागे घेता यावी, कोणता तुकडा दाखवायचा हे विद्यार्थ्याने निवडावे, शिक्षकाने नव्हे, आणि सत्र संपल्यावर सर्व रेकॉर्डिंग पुसून टाकावे. ज्यांना रेकॉर्डिंग नकोच त्यांनी भेट संपताच दहा मिनिटांत आठवतील ती वाक्ये लिहून काढावीत. तेवढ्यावरही काम होते. संमती नाकारणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत हे नियमात स्पष्ट लिहिलेले असावे.

दुसरा आक्षेप गुणांविषयी आहे. चिंतनाला गुण दिले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल तेच लिहितात. ‘या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले, माझा दृष्टिकोन व्यापक झाला’ अशा वाक्यांनी भरलेल्या नोंदवह्या मी गठ्ठ्यांनी वाचल्या आहेत. त्यांत खोटेपणा असतो असे मी म्हणणार नाही, पण त्यांतून काही कळत नाही. यावर उपाय आहे. गुण मताला देऊ नयेत, निरीक्षणाला द्यावेत. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष उच्चारलेले वाक्य, समोरून आलेला प्रतिसाद, त्या वेळी आपण काढलेला अर्थ आणि त्याला पर्यायी असे निदान दोन अर्थ, एवढे नोंदवहीत आहे का, हे पाहावे. जोडीदार आवडला नाही असे लिहिणाऱ्याला तितकेच गुण मिळावेत. आधीची नोंद नंतरच्या नोंदीने खोडली गेली असेल तर दोन्ही तशाच राहू द्याव्यात, कारण या दोन नोंदींमधले अंतर हेच मूल्यमापनाचे साहित्य आहे. हे काम तोंडी परीक्षेपेक्षा कठीण आहे आणि त्याला शिक्षकाचा वेळ लागतो. म्हणूनच समन्वयाचे आणि नोंदवह्या वाचण्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जावेत, अशीही माझी विनंती आहे. आज हे काम कुठल्याच खात्यात मोजले जात नाही, ते कोणाच्या तरी उत्साहावर चालते आणि तो शिक्षक बदलून गेला की विनिमय बंद पडतो.

अलीकडे आणखी एक प्रश्न समोर येतो. व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर बोलण्याचे भाषांतर खाली उमटू लागले आहे, मग जोडीने भाषा शिकण्याचा खटाटोप कशाला, असे विद्यार्थीच विचारतात. मी त्यांना भाषांतर बंद ठेवा असे सांगत नाही. ते वापरून झालेली एक भेट आणि न वापरता झालेली एक भेट शेजारी ठेवून पाहायला सांगते. पहिल्या भेटीत विषय अधिक होतात, माहिती अधिक मिळते. दुसऱ्या भेटीत दोघे एकमेकांना अधिक वेळा थांबवतात, पुन्हा सांगायला लावतात, हातवारे करतात, हसतात. कोणत्या भेटीत काय मिळाले हे विद्यार्थी स्वतः मांडू शकतात, आणि माझ्या उपदेशापेक्षा त्यांचे मांडणे मला अधिक पटण्याजोगे वाटते. मात्र इथेही तीच अट आहे. दोन भेटींची तुलना करायला बसण्याची वेळ आणि जागा हवी.

तास कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. नवा तास वाढवा असे माझे म्हणणे नाही. संभाषणाच्या ठरलेल्या भेटी निम्म्यावर आणाव्यात आणि मोकळा झालेला प्रत्येक तास आढाव्यासाठी वापरावा. दहा भेटींच्या जागी पाच भेटी आणि पाच आढावे, हे प्रमाण मी विचारपूर्वक सुचवत आहे. भेटी कमी झाल्याने विद्यार्थ्यांचे नुकसान होईल ही भीती समजण्याजोगी आहे, परंतु ज्यांना आढाव्याची सवय लागते ते पुढच्या भेटीला विचारायच्या गोष्टी घेऊन जातात, आणि अनेक जोड्या ठरलेल्या भेटींखेरीज आपणहून बोलू लागतात. आढाव्याचा गट पंधरा-वीस विद्यार्थ्यांहून मोठा नसावा. तो शक्यतो भेटीनंतर दोन-तीन दिवसांत व्हावा, कारण त्यानंतर आठवण विरते आणि उरतो तो केवळ निष्कर्ष. सत्रात निदान एक आढावा दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा.

हा बदल एकट्या विभागाला करता येत नाही. भागीदार संस्थेचे वेळापत्रकही त्यानुसार आखावे लागते, आणि तिकडची सत्रे आपल्या आधी किंवा नंतर सुरू होत असल्याने त्यांना आपला निर्णय काही महिने आधी कळावा लागतो. पुढील शैक्षणिक वर्षाचा आराखडा मंजुरीसाठी आपल्यापुढे येईल त्या बैठकीतच आढाव्याचे तास, संमतीचे नियम आणि शिक्षकाचा कार्यभार या तिन्ही बाबींवर निर्णय व्हावा, आणि विनिमयात भाग घेतलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना आपल्या नोंदवह्यांसह त्या बैठकीला बोलवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
ऑनलाइन भाषाविनिमयाचे समन्वयन करणारी एक भाषाशिक्षिका